खालची ओळ

नागदेवी स्ट्रीट, दुपारचे तीन. बेअरिंगच्या
खोक्यांमध्ये कोंबलेला जुना कॉम्प्युटर.
नोटपॅडात नारकरकाकांची यादी उतरवली:
वायसर, अर्ध्या इंचाचा पान्हा, पितळी खिळे,
आणि शेवटी, त्यांच्या हुकमानं, ठळक:
उधार बंद आहे.

उघडलेला प्रत्येक कंस मिटला.
सेव्ह करताना एक चौकट काहीतरी बजावत होती.
वाचलं कोणी? ओके दाबलं.
नाव, टिंब, एचटीएमएल.

ब्राउझरमध्ये किमती जागच्या जागी
आणि शब्द सगळे गायब.
काना-मात्रेलासुद्धा एकेक प्रश्नचिन्ह.
तळाशी, ठळक:
???? ??? ???

काका चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले.
मग खो खो हसले,
"बरोबर आहे की! गिऱ्हाईक हेच विचारतं."

पुन्हा सगळं टाइप केलं. या वेळी यूटीएफ-आठ निवडून.
अक्षरं आली, अनुस्वारासकट.

"आता हे कोण कोण बघणार?"
"सध्या आपण दोघंच. फाइल या डबड्यातच आहे."

तरी त्यांनी ग्रीसचे हात फडक्याला पुसले,
सदऱ्याचं वरचं बटण लावलं,
पान वरून खाली एकदा वाचलं
आणि म्हणाले,
ती खालची ओळ जरा
बारीक कर.