बैसा

मीटरचा लाल दिवा हजारदा लुकलुकला
की एक युनिट.
हजार बैसा साठले की एक रियाल.
सोहारला आले तेव्हा हा शब्द ऐकून वाटलं
कुणी जुन्या वळणाचं माणूस बसायला सांगतंय.
बसले.
अकरा वर्षं झाली.

यंदा टेबलावर दोन फायली.
पहिली दरांची. तीन टप्पे.
खालच्याला हात लावायचा नाही, असा वरून निरोप;
मधला जरा खरवडायचा,
आणि वरचा,
जिथे मोठाले बंगले, पोहायचे तलाव,
पाहुणे नसलेल्या दिवाणखान्यांत रात्रभर गारवा,
तो पिळायचा.
ऐकायला न्यायाचंच. मीही मान डोलावली,
सूत्र खाली ओढत नेलं शेवटच्या ओळीपर्यंत.

दुसरी फाईल : खर्च आवरा.
बोळातले दिवे एकाआड एक.
चहाचा पोऱ्या बंद, त्याजागी नाणी खाणारं यंत्र.
कागद दोन्ही बाजूंनी.
आणि मीटर वाचणारी साठ माणसं,
कारण नवे मीटर आपले आकडे आपणच बोलतात.

खमीस अल-ब्लूशी साठांतला एक.
बॅटरी, ओळखपत्र, कुत्र्यांसाठीची काठी
असं सगळं सही करून जमा केलं त्यानं.
मग एक वही पुढे सरकवली. ती यादीत नव्हती.
गल्ली, घर, आकडा,
आणि आकड्याशेजारी पेन्सिलीनं आणखी एक आकडा, लहान.
हे काय?
‘दारातल्या चपला,’ म्हणाला. ‘मोजायची सवय लागली.’

मासळीबाजारामागचं घर. मीटर एक.
जुलै : चार हजार तीनशे तेरा.
चपला : एकोणीस जोड.

मी भागाकार केला.
माणशी दोनशे सत्तावीस.
खालच्या टप्प्यातही तळाला,
आणि माझ्या तक्त्यात ते घर
तलाववाल्यांच्या पंगतीत बसलेलं.

शुक्रवारी गेले. दार उघडलं दामोदर गुरवनं,
गुहागरचा, बंदरावर वेल्डर.
आत अंधार, रात्रपाळीचे झोपलेले.
‘आमच्या खाटा कधी गार होत नाहीत, ताई,
एक उठतो, दुसरा पडतो.
मशीन तरी कधी बंद करायचं?
मालक म्हणतो भाडं विजेसकट.
पण दर वाढला की
त्यातलं सकट तेवढं गळतं.’
चहा विचारला. नको म्हणाले,
मग वाटलं, घ्यायला हवा होता.

बद्रियाबाईंनी वही नीट पाहिली, पानं उलटून.
वाईट नाहीत त्या.
वडील त्यांचे डिझेलच्या जनित्रावर होते,
संध्याकाळी चार तास गावाला उजेड पुरवत.
‘मीटर युनिटं मोजतो,’ म्हणाल्या, ‘माणसं नाही.
आणि चपलांचा स्तंभ मी मंत्रालयात कशी नेऊ?’
थोडं थांबून :
‘तळटीप लिही.’

लिहिली. सातवी.
एक मीटर, अनेक बिऱ्हाडं, पुनर्विचार व्हावा.
तीनदा खोडून सव्वादोन ओळी.
छापून आला प्रस्ताव तेव्हा
शेवटच्या पानावर एवढंच :
कागदबचतीसाठी तळटिपा वगळल्या आहेत,
मागितल्यास मिळतील.

सुनावणीला चौघं आले.
दालन इतकं थंड
की टिपणं घेणारी मुलगी शालीत बसली होती.
तळटिपा कुणी मागितल्या नाहीत.
मी होते तिथेच, तिसऱ्या रांगेत.
मीही नाही.

वही अजून माझ्या खणात. जमा कुठे करायची?
रात्री घरी येते, जिन्याखाली मीटर,
लाल दिवा लुकलुकतो सावकाश,
एका माणसाला पुरेल इतकाच.
दारात माझ्या चपलांचा एक जोड.

दरवाढ मला लागू नाही.
कागदोपत्री मी
सोहारमधली सगळ्यात गरीब.