एसी बंद करून

घरघर रेकॉर्ड होते म्हणून
एसी बंद केला आम्ही.
रुवी, मे महिना, गुरुवारची शाळा सुटल्यावर.
खिडकीबाहेर तापलेले तपकिरी डोंगर,
गवताचं एक पातं नाही त्यांच्यावर.

तीन मिनिटांची फिल्म. विषय बाईंनी दिलेला:
छळ थांबवा.
कॅमेरा म्हणजे बाबांचा जुना फोन, तो माझ्याकडे.
खजुराची दोन खोकी एकावर एक ठेवली होती,
ती डुगडुगायला लागली
तेव्हा मी फोन हातातच धरला.

मार खाणाऱ्याचं काम सगळ्यांना हवं होतं.
त्यात रडायला मिळतं.
दांडगटाचं कुणालाच नको.
शेवटी बाई म्हणाल्या, मुनाफ, तू कर.

मुनाफ परकार, हर्णैचा.
बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागचीच सीट धरणारा.
संवादांचा कागद दिला तर म्हणाला,
नको. पाठ आहेत.

आणि जेबिनची कॉलर धरून
तो बोलायला लागला.
ए, सरक. वास येतो.
तुझा बाप बसा धुतो ना?
उघड डबा, बघू दे सगळ्यांना.
कागदावर यातलं काहीच नव्हतं.
ज्याचं वाक्य त्याच्या आवाजात:
शेहानचं नाकातून, हैथमचं अर्धं अरबीत,
हसण्याआधी घ्यायचा त्या श्वासासकट.
शेहान बुटाची नाडी बांधत बसला, बराच वेळ.

मग मुनाफ थांबला.
म्हणाला, बोंबील.

वर्षभर सगळा वर्ग म्हणायचा तो शब्द,
बम्बिल, बुंबी, बोम्बेल, ज्याला जसा जमेल तसा.
अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता.
मराठी येणारे वर्गात आम्ही दोघंच.

फोन हलला.
बाई म्हणाल्या, कट, पुन्हा घेऊ.
पुन्हा घेतलं.
त्यानं पुन्हा म्हटलं, लेन्समध्ये बघून,
शेवटचा ल जरासा लांबवून,
मी पहिल्या दिवशी लांबवला होता तसा.
फोन पुन्हा हलला.

दुसरं बक्षीस मिळालं.
परीक्षकांनी शेरा लिहिला:
थरथरता कॅमेरा फार परिणामकारक.

पण त्या दिवशी, सगळं आवरल्यावर,
सगळे पाणी प्यायला धावले
आणि मी खोकी उचलत होतो तेव्हा
तो दाराशी थांबला, बटणावर हात ठेवून.
एसी लावू काय?

वर्षभरात पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत.
मला एवढंसुद्धा उत्तर
त्या भाषेत देता येईना.
मी नुसती मान हलवली.