कोंबडा, नखं, तलवार

तक्ता जास्वंदीचा, सातवीच्या वर्गातून मागून आणलेला,
घडीवर फाटलेला,
आणि घडी नेमकी अंडाशयावरून गेलेली.
खरी जास्वंद चुनाभट्टीत
सकाळी सात वाजता मी कुठून आणू?
समोरच्या सोसायटीतली वॉचमन मोजून ठेवतो,
चौथ्या मजल्यावरच्या गणपतीला लागतात.

म्हणून शाळेच्या मैदानातला गुलमोहर.
यंदा परीक्षेच्या आधीच पेटलेला.
तिसरी ब, अडतीस मुलं,
प्रत्येकी एक फूल. पडलेलंच घ्यायचं,
फांदीला हात नाही.

मी म्हटलं, हे निदल.
कुणाचं लक्ष? अडतीस माना खाली,
निदलं सोलून, थुंकी लावून
बोटांवर चिकटवणं चाललेलं.
"बाई, ही नखं असतात,"
इल्मानं समजावलं,
मला बिचारीला माहीत नसणार, अशा मायेनं.
एका फुलात एका हातापुरतीच.
पाच हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा
तो त्यांच्या बोटांवर आधीच वाळत होता.

पाकळ्याही पाच. चार सारख्या लाल,
पाचवी पांढरट, अंगावर ठिपके.
ही वेगळी का बरं?
"मॉनिटर आहे," प्रज्ञेश म्हणाला,
आणि पहिल्या बाकावरची ऋजुता उगाच ताठ बसली.
मी सांगितलं, फुलपाखराला वाट दाखवते ती.
"मग मॉनिटरच की."

पुंकेसर म्हणेपर्यंत झुंज लागली होती.
कोंबड्याला कोंबडा, मानेत मान,
ओढ, ओढ, गेलं डोकं!
डोकं म्हणजे परागकोश, मी ओरडत होते,
एका फुलात दहा असतात, मोजा तरी!
कोण मोजतो. दहाही मेले.
इरफानच्या चड्डीवर केशरी पूड.
ती झटकू नको रे, म्हटलं,
त्या पुडीवाचून पुढचं झाड नाही.
त्यानं चड्डीकडे जरा भीतीनंच पाहिलं.

सगळं उपटून झाल्यावर मधोमध
एक हिरवी बारीक काडी उरते.
तिचा खेळ कुणालाच येत नव्हता.
आता माझी पाळी, असं वाटलं.
खडू उचलला, 'अं' लिहिला,
तेवढ्यात मागून इरफानच,
"बाई, ही तर तलवार! बारकी.
तुम्ही आमच्याकडून घेऊन कपाटात कोंबल्यात ना, तसली."

घेतल्या होत्या खऱ्या. दिवाळीनंतर कधीतरी,
मारामारीचा पुरावा म्हणून, सात शेंगा,
काळ्या, हातभर लांब.
कपाट उघडलं. डस्टरच्या मागे होत्या.
एक काढली, त्या काडीशेजारी टेबलावर ठेवली.
वर्ग एकदम गप्प.
मीही.
वीस वर्षं मी हा धडा शिकवते आहे
आणि या दोघींना
कधी शेजारी ठेवलं नव्हतं.
इरफाननं शेंग कानाशी हलवली.
आत काहीतरी वाजलं.

सातही तलवारी परत केल्या, मारामारी न करण्याच्या अटीवर.
अट मधल्या सुट्टीपर्यंत टिकली.

आठ दिवसांनी तोंडी परीक्षा.
बी कुठे तयार होतं?
इल्मा, एका हाताची नखं अजून लालसर,
जराही न अडखळता म्हणाली,
"म्यानात."
पेन हातात घेऊन मी बसून राहिले.
पुढचा मुलगा दारातून डोकावत होता,
त्याच्या खिशातून
शेंगेचं टोक बाहेर आलेलं.