समोरच्या पानाचा भाव

"पहिलाच फोटो ना तुमचा," पांढरीपांडे सर म्हणाले,
"नाव येईल की खाली."
धंतोलीतलं ऑफिस, दुपारचे साडेतीन.
खिडकीतला कूलर माझ्याच अंगावर
ओल्या वाळ्याचा वास फेकत होता.
पर्समधली चिठ्ठी मी चाचपली.
रात्री लिहून पाठ केली होती:
लेन्सचा हप्ता अठराशे चाळीस,
पेट्रोल, मेमरी कार्ड,
आणि एक ओळ, जिच्यापुढे आकडा सुचला नव्हता.
गच्चीवर अडीच तास, सत्तेचाळीस डिग्री.

गोकुळपेठेत मी पासपोर्ट फोटो काढते.
आठ प्रती, साठ रुपये.
तिथे कोणी म्हणत नाही,
पैसे कशाला, दुकानाचं नाव होईल.
म्हणतात खरं तर.
पण पन्नास तरी ठेवून जातात.

"दोनशे देतो आम्ही नव्यांना. तेही सगळ्यांना नाही."
एवढं बोलून सरांनी चहा मागवला,
म्हणजे विषय संपला.
चहा येईस्तोवर मी अंकाची डमी चाळली.
पान बत्तीस माझं:
शिडीवर माणूस, कूलरची जाळी काढलेली,
दातांत सुतळी, दाढीत वाळ्याच्या काड्या,
मागे उन्हानं पांढरं पडलेलं आभाळ.
पान तेहतीस:
कूलरची जाहिरात. पूर्ण पान. रंगीत.

"सर, याचे किती घेतले?"

आवाज माझाच होता, जरा मोठा निघाला.
बाहेरच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं.
सर चष्मा पुसत राहिले, कोरडाच.
"ते जाहिरात विभागाचं."
"माझा माणूस त्यांच्याच शेजारी उभा आहे."
अडीच हजार म्हटलं. ते हसले.
पाचशे म्हणाले.
मी पानावर हात ठेवला,
मूर्खपणाच,
फाइल तर त्यांच्या कॉम्प्युटरवर होती.
आठशे.
चहावर साय धरली.
"बाराशे, आणि एकदाच वापरायचा.
पुन्हा छापला तर पुन्हा बाराशे. लिहून द्या."
दिलं लिहून, लेटरहेडवर.
नंदनवारचं नंदनवर केलं होतं.
तो काना मी माझ्या पेनानं ओढला.
चिठ्ठी पर्समध्येच राहिली.

अंक आला तेव्हा महालात गेले.
बिसनभाऊ एका बाल्कनीला लटकून
कुणाची तरी ताटी भरत होते.
खाली उतरले, हात पँटला पुसले,
मग पान धरलं.
स्वतःकडे पाहिलंच नाही. शिडी पाहत राहिले.
"तिसरी पायरी मोडेल होती तवा. दिसून राहिली पाय."
खाली छापलं होतं: उन्हाळ्यातील एक कामगार.
त्याच्या खाली माझं नाव, काना धरून.

"तुले किती भेटले?"
खरं ते सांगितलं.
"अन् मले?"
"भाऊ, पुढच्या वेळी तुमचं नाव येईल—"
वाक्य अर्धंच बाहेर पडलं
आणि भर उन्हात मला
ओल्या वाळ्याचा वास आला.

"एका कूलरचे मी दीडशे घेतो," ते म्हणाले,
"वाळा गिऱ्हाइकाचा.
तू अडीच घंटे फोटो काढून राहिली,
तेवढ्यात माहे चार झाले."
त्यांना चिठ्ठी लागली नाही.
मी तीनशे म्हटलं.
ते काही बोलले नाहीत, सुतळीचा गुंता सोडवत बसले.
मी हसले. हसू कुणाचं ते कळलं, थांबले.
चारशे.
सुतळी सुटली होती, तरी ते सोडवतच होते.
"पाचशे," मी म्हणाले आणि पर्स उघडली.

नोट त्यांनी उजेडात धरली,
घडी करून सुतळीच्या गुंडीत खोवली,
आणि चढता चढता, तिसऱ्या पायरीवर पाय न देता,
वरूनच विचारलं,
"अन् पुन्हा छापला त?"