दाखल क्रमांक २२१७

पुस्तक परत आलं तेव्हा कोमट होतं.
दीपमाला म्हणाली, "घ्या सर,
एक दिवस पह्यलेच आणलं."
मी कणा चाचपला. मधोमध मोडलेला.
टेबलावर ठेवताच ते आपोआप उघडलं
दोन्ही हात पसरून,
कुणीतरी काचेवर दाबून धरलेल्या माणसासारखं.

आमचं वाचनालय ड वर्गातलं.
अनुदान येतं तेव्हा येतं.
कपाटं चार, त्यातल्या एकाची किल्ली
मागच्या सरपंचांसोबत गेली.
सुईणपणाचं हे पुस्तक नऊशे साठला घेतलं,
त्या वर्षी मग दुसरं काही घेतलं नाही.
नर्सिंगच्या पोरी अकरा,
चांदूरबाजारला रोज एसटीनं जाणाऱ्या,
आणि प्रत ही एक.

अकीलकडे पाठपोट झेरॉक्स दीड रुपया.
पाचशे साठ पानं,
हिशेब निघाला चारशे वीस.
आकडाही काय निघावा!
मी दुकानात जाऊन उभा राहिलो तर म्हणाला,
"मी काय वाचतो काय सर?
मी फक्त उजेड पाडतो."

कायदा मी वाचलाय.
स्वतःच्या अभ्यासापुरतं चालतं म्हणे.
पुरतं म्हणजे किती पानं, ते काही सापडलं नाही.
आणि अर्धंच बाळंतपण शिकवून
कोणत्या पोरीला ड्यूटीवर पाठवायचं?

माझा मामा रिद्धपूरला पोथ्या उतरवायचा.
एका पोथीला एक पावसाळा,
बोटाला बोराएवढा घट्टा.
शेवटच्या पानावर लिहायचा,
चुकलं ते माझं, बरोबर ते त्यांचं.
त्याला कुणी चोर म्हटलं नाही.
दुखलेल्या हाताला कोण चोर म्हणेल?
पण ते मूळ लिहिणारे कधीच मातीत मिसळलेले,
त्यांना विजेचं बिल येत नव्हतं.
या बाई अकोल्याला राहतात.
तिसऱ्या पानावर फोन नंबर आहे.

एकदा लावला.
"हं, बोला," त्या म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी.
मी म्हटलं, राँग नंबर.

अकरा झेरॉक्स गावभर फिरल्या.
प्रत्येकीवर आमचा गोल शिक्का,
जांभळ्याचा काळा झालेला,
आणि खाली माझ्याच अक्षरात २२१७.
वाचनालयाची मालमत्ता, असं
अकरा ठिकाणी खोटं बोलत होतं माझं अक्षर,
आणि मला, खरं सांगतो,
पहिल्यांदाच वाचनालय मोठं वाटलं.

मग चार वर्षांनी भादव्यात
वाळवी भिंतीतून कपाटात चढली.
२२१७ तिनं मागून खायला घेतलं,
शब्दसूची, तक्ते, जुळ्यांचं प्रकरण,
आणि रक्तस्रावाच्या पानापाशी
मी दार उघडलं म्हणून थांबली.

दीपमाला आता मेळघाटात, उपकेंद्रावर.
दिवाळीला आली ती पिशवीत स्पायरल घेऊन.
"आता मले पाठ हाये सर. ठेवा इथं.
दुसऱ्या पोरीईले लागन."
पानांच्या कडेला तिची पेन्सिल.
कुठं दुखतं हे कोरकूत कसं विचारायचं.
लाइट गेली तर काय.
एका आकृतीखाली नुसती तारीख
आणि 'वाचली'.

दाखल नोंदवही काढली.
कोठून आले: खरेदी की देणगी.
किंमत.
नऊशे साठ? चारशे वीस?
अकोल्याच्या बाईंना त्यातलं काय?
पेन झटकला, शाई आली, तसाच धरून बसलो.
म्हटलं आधी शिक्का तरी मारू.
पॅडवर थुंकी लावली, शिक्का दाबला,
पहिलं पान उघडलं
तर शिक्का आधीच होता.

रकाना अजून रिकामा आहे.
तपासणी मार्चमध्ये.
पुस्तक सध्या बाहेर आहे,
बोदडे मास्तरांच्या धाकटीकडे.
तिला म्हटलं, सांभाळून,
एकच प्रत आहे.