आधीचा मालक

तीन पिवळ्या तारा.
बाकी रंगांची गर्दी बाजूला सारून
आधी या तिघींना गाठायचं,
एवढं शिकायला मला चोपन्न वर्षं लागली.
आता एकाहत्तर. गुडघे वेगळंच काही शिकवतात.

थंडर बे, नोव्हेंबर. गॅरेजचं दार अर्धं उघडं,
धूर जायला हवा म्हणून थंडी आत.
ब्याऐंशी सालची गोल्डविंग,
दोन्ही बाजूंच्या पेट्यांसकट
गाभण मूसमादीएवढी रुंद,
चालू आहे, पण हँडलची ऊब लावली
की पुढचा दिवा डोळे मिटू लागतो.

बारा पूर्णांक एक, मीटर म्हणतो.
तीन हजार फेऱ्यांवरही बारा पूर्णांक एक.
चौदा हवेत. म्हणजे बॅटरी स्वतःलाच खातेय,
दुखणं अंगावर काढणाऱ्या बायकांसारखी.
एकतीस वर्षं त्यांना वॉर्डात दाखल करून घेतलं मी.
"काही नाही गं आउने, जरा थकवा."

शेजारचा मर्विन दारात, थर्मास घेऊन.
"स्टेटर गेला," तो म्हणतो.
स्टेटर गेला म्हणजे अख्खं इंजिन उतरवायचं,
तो मागच्या बाजूला दडवलाय,
दडवणाऱ्याचं वय तेव्हा तिशीचं असणार.
मर्विनचं सगळंच गेलेलं असतं:
बोट, भट्टीचा पंखा, सरकार.

निदानाआधी औषध नाही.
पहिली-दुसरी: पन्नास.
दुसरी-तिसरी: एकोणीस.
तिसरी-पहिली: अठरा.
मग इंजिनाजवळ, तारा बाहेर पडतात तिथं,
सुया टोचून पुन्हा:
पन्नास, पन्नास, पन्नास.
स्टेटर ठणठणीत. दुखणं वाटेत कुठंतरी.

तिसरीचा हात धरून निघाले.
बॅटरीच्या मागं, जिथं फक्त बोटं पोचतात,
एक गाठ लागली. करंगळीएवढी,
कसल्याशा पट्टीत गुंडाळलेली, तेलानं तपकिरी.

गाढवा, म्हटलं मी.
सडबरीच्या त्या खाणकामगाराला म्हटलं,
ज्याच्याकडून वीस वर्षांपूर्वी ही घेतली.
त्याला शिव्या द्यायची सवयच आहे.
गंजावर रंग त्यानं फासला,
सूड उगवल्यासारखे बोल्ट त्यानं आवळले.
या गाडीत चांगलं निघालं की माझं,
वाईट निघालं की त्याचं.

पट्टी धाग्याधाग्यानं सुटत गेली.
आत तांबं हिरवं, नुसतं पिळलेलं, डाख नाही.
आणि पट्टीचं टोक
आत दुमडलेलं.

पुढच्या पाळीच्या नर्सला
नखानं शोधत बसावं लागू नये म्हणून.
खाणीतला माणूस टोक दुमडत नाही.

वावाच्या अलीकडं, पाऊस, रात्रीचे अकरा.
ट्रक जवळून गेला की अख्खी गाडी हलायची.
दातांत बॅटरी, खिशात वॉर्डातली पट्टी.
प्लग जळून कोळसा झाला होता.
दोन टोकं पिळली, गुंडाळली, म्हटलं
घरी गेल्यावर नीट करू.
घरी रात्रपाळ्या होत्या.
अठरा वर्षं झाली त्याला.
अठरा वर्षं ती गाठ
विनातक्रार धावली,
आणि मी लोकांना सांगत हिंडले
की मलमपट्टीनं काही होत नसतं.

काळं झालेलं कापून टाकलं. खरवडून लखलखीत केलं.
डाख दिला, तो चांदीच्या थेंबासारखा
तारेत शिरेपर्यंत श्वास धरला.
वर नळी चढवून गरम केली, ती घट्ट बसली.
चौदा पूर्णांक एक.
दिवा असा लागला
की मर्विनला कपाळावर हात आडवा धरावा लागला.

"कुणी केलं होतं हे?" त्यानं वाकून विचारलं.
पट्टी माझ्या मुठीत.
"आधीच्या मालकानं."

मर्विननं सडबरीच्या दिशेनं
एक सणसणीत हासडली.
मी कॉफी ओतून घेतली.
तिसऱ्या कार्बोरेटरखाली पेट्रोलचा एक थेंब
सावकाश जाड होत होता.