एक मात्रा

सिनेमाला अकरा माणसं होती, प्रोजेक्टरवाला धरून.
रामबागेमागचा हॉल, डिसेंबर, प्लास्टिकच्या खुर्च्या,
आणि पडद्यावर कुठल्याशा समुद्राकाठचं गाव
जिथे घंटा झाली की बायका चूल सोडून गुडघे टेकतात.
घंटा वाजवणाऱ्याचा मुलगा
(त्याचं नाव अजून नीट उच्चारता येत नाही मला)
बापाच्या हातांखाली हात धरून दोर ओढायला शिकतो,
आणि मिठागरातल्या एकाच्या पाठीकडे बघत राहतो.
पहिला पाऊण तास नुसती पाठ.
खारट, उन्हाने सोललेली.

मी पुढच्या रांगेतली पाठ बघत होतो:
तपकिरी जाकीट, मफलर, डावा खांदा जरा खाली,
पन्नास वर्षं डग्ग्यावर रेललेला.
दिगंबरकाका.
बाबांच्या कीर्तनात तबल्याला बसणारे दिगंबरकाका.
उठून जावं, तर दार त्यांच्याच बाजूला.

बाबा उत्तररंगात कधी कधी
'हल्लीची पोरं'वर एक कोटी करतात.
सभा हसते. मी मागे झांज घेऊन उभा,
मीही हसतो, दात दिसतील इतपत.
त्या जागी काका दर वेळी हातोडी काढतात,
ठक्, ठक्, तबला लावून घेतात,
सूर तसूभरही उतरलेला नसताना.
इतकी वर्षं मला वाटायचं, थंडी असेल, चामडं असेल.

दिवे लागले तेव्हा ते वळले, मला बघून दचकले नाहीत.
"स्कूटर आहे ना? सराफ्यात सोड."
वाटेत राजवाड्यापर्यंत कुणीच काही बोललं नाही.
सोनारांची शटरं पडलेली, कढया चढलेल्या.
"भिया, दो प्लेट गराडू. जीरावन जरा खुल के."
मग लिंबू पिळता पिळता, माझ्याकडे न बघता:
"खालची अक्षरं फार पळत होती रे.
चष्मा विसरलो घरी.
शेवटी तो आईला काय म्हणाला?"

चष्म्याची डबी
त्यांच्या जाकिटाच्या खिशातून बाहेर डोकावत होती.

मी सांगायला लागलो.
इंग्रजी ओळी होत्या, मराठीत आणताना
तोंडात गरम गराडू असल्यासारखं होत होतं.
तो म्हणाला, आई, घंटा मीच वाजवीन,
अख्ख्या गावाच्या लग्नांची वाजवीन,
फक्त माझ्या लग्नाची ओढायला लावू नकोस बाबांना.
आई विचारते, का रे?
आणि मी म्हणालो

म्हणालो.
म्हणाला म्हणायचं होतं.
'ला'वर एक मात्रा जास्त पडली, बाकी काही नाही.
कढईत तेल तडतडत होतं. मागून कुणीतरी
"भुट्टे का कीस" म्हणून ओरडलं.
काकांनी काडीला टोचलेला तुकडा तसाच धरून ठेवला,
वाफ निघून जाईपर्यंत.

"मात्रा चुकली," मी म्हटलं.
"चुकली नाही. उशिरा पडली."
त्यांची बोटं प्लेटच्या कडेवर काहीतरी मोजत होती,
कुठला ठेका ते मला ओळखता आलं नाही.
"उज्जैनला एक पेटीवाला होता," ते म्हणाले.
मी थांबलो.
वाक्य पुढे आलंच नाही. त्यांनी लिंबाची फोड पुन्हा पिळली,
तिच्यात काही उरलं नव्हतं तरी.

घराच्या कोपऱ्यावर उतरले, मफलर कानांवरून घट्ट केला.
वरच्या मजल्यावर दिवा होता. काकू जाग्या असाव्यात.
"गुरुवारी वेळेवर ये. झांज पुसून आण, मागच्या वेळी
बद्द वाजत होती."
चार पावलं गेले, परत आले.
हात माझ्या हँडलवर, माझ्या हाताशेजारी,
त्याला न लागता.
"घरी कुणाला सांगू नकोस हं,"
म्हणाले, आणि मग बराच वेळ घेऊन,
"तळलेलं खाल्लं म्हणून."